ॲक्सेंट राहू दे, आधी आघात सांभाळ

अगं मुली,

ग्लासगोच्या त्या माणसाने कॉलवर दोनतीनदा ‘सॉरी?’ म्हटलं आणि तू थेट ‘अमेरिकन ॲक्सेंट’च्या क्लासची फी विचारून आलीस! स्कॉटिश माणसाला कळावं म्हणून अमेरिकनांसारखं बोलायचं? तुझा मेसेज वाचून वाईट वाटलं आणि रागही आला. राग तुझ्यावर नाही. लातूरच्या मुलीला स्वतःच्या जिभेची लाज वाटायला लावणाऱ्यांवर आहे.

तू पाठवलेलं रेकॉर्डिंग नीट ऐकलं. तुझा ‘थ’, तुझा ‘ट’, तुझा ‘र’ कुठेच आड येत नाहीत. गाडी अडते आघातापाशी, म्हणजे शब्दातल्या कुठल्या अक्षरावर दाब द्यायचा त्यापाशी. तू ‘पॅरामीटर’ म्हणतेस तेव्हा सगळी अक्षरं सारख्याच वजनाची पडतात. इंग्रजीत तो प-रॅ-मि-टर आहे: दाब ‘रॅ’वर, बाकीची अक्षरं अर्धी गिळलेली. ‘ॲनालिसिस’मध्ये दाब ‘नॅ’वर, पहिलं अक्षर नुसतं ‘अ’. ‘डिटरमाइन’ नव्हे, ‘डिटर्मिन’, दाब मधल्यावर. इंग्रजी कानाला शब्दाची ओळख बरीचशी या दाबावरूनच पटते. ‘फोटोग्राफ’मध्ये तो ‘फो’वर असतो, पण ‘फोटोग्राफर’ म्हणताना ‘टॉ’वर सरकतो आणि शब्द ‘फटॉग्रफर’ होतो. ‘फोटोग्राफिक’मध्ये आणखी पुढे, ‘ग्रॅ’वर. आपण तिन्ही ठिकाणी स्पेलिंग वाचतो.

मराठीच्या तासाला वृत्त ओळखताना तू अक्षरांवर लघु-गुरूच्या खुणा करायचीस ना? तसंच कर. शब्दकोशात उच्चाराशेजारी एक छोटी उभी रेघ वर दिसते. तिच्यानंतरच्या अक्षरावर दाब. तेवढं एक अक्षर गुरू, बाकीची लघु. आपला कान मात्रांवर पोसलेला आहे. असला कान असताना आपण मुलांना आघात का शिकवत नाही, हे मला आजवर कळलेलं नाही.

आता ॲक्सेंटचं. लंडनचा माणूस ‘कार’मधला ‘र’ बहुधा खातो, ग्लासगोचा ठणठणीत म्हणतो, अगदी आपल्यासारखा. ‘वॉटर’मधला ‘ट’ अमेरिकन माणूस मऊ ‘ड’कडे झुकवतो, ग्लासगोत बरेच जण तो घशातच दाबतात. न्यूझीलंडच्या माणसाचं ‘बेड’ तुला ‘बिड’ ऐकू येईल. यातला खरा कोण? कुणीच नाही, आणि सगळेच. पण ‘पॅरामीटर’चा दाब चौघेही ‘रॅ’वरच देतात. ‘गराज’सारखे थोडे शब्द सोडले तर आघात सगळीकडे तोच. म्हणून सांगतो, आघात धर.

डॅनियल जोन्स या ब्रिटिश ध्वनितज्ज्ञाने १९१७ साली इंग्रजीचा उच्चारकोश काढला, तेव्हा त्याने आधाराला घेतलं ते दक्षिण इंग्लंडातल्या बोर्डिंग शाळांत शिकलेल्या घरांचं बोलणं. मूठभर घरांचा तो उच्चार आपल्याकडे ‘शुद्ध’ म्हणून परीक्षेत उतरला. एका निवड समितीने माझ्या ‘थ’वर बोट ठेवून मला नाकारलं, त्याची सल अजून आहे. पण मी ‘थ’ बदलला नाही. सहकारी हट्टी म्हणाले, म्हणू देत. वर्गात मी आयुष्यभर आघात घोटवून घेतला आणि माझी मुलं जगभर मराठी वळणाचं इंग्रजी बोलतात, लोकांना ते कळतं. हट्ट नसता केला तर ती मुलंही ‘थ’साठी जीभ दातांत धरून गप्प बसली असती.

एक ध्वनी मात्र सुधार. ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ तुझ्या तोंडी एकच होतात. पहिल्याला वरचे दात खालच्या ओठाला टेकव, दुसऱ्याला ‘उ’ म्हणताना करतेस तसे ओठ गोल कर. बस.

आणि वाक्यातही आघातच बघ. ‘कालच पाठवलं’, ‘मीच पाठवलं’ हे आपण ‘च’ लावून सांगतो. इंग्रजीत तेच काम आवाजाचा दाब करतो: ‘आय सेंट इट यस्टरडे’मध्ये ‘आय’वर दिला तर ‘मीच’, ‘यस्टरडे’वर दिला तर ‘कालच’. तू सगळ्यावर सारखाच देतेस, मग समोरच्याला तुझा मुद्दा कसा सापडणार?

क्लासची फी भरू नकोस. रोज थोडा वेळ बीबीसी रेडिओ स्कॉटलंड लाव. त्यांचं बोलणं कानाला सरावायला हवं, ते तोंडात यायची गरज नाही. तुझ्या कामात रोज येणारे वीस शब्द काढ, शब्दकोशात बघून खुणा कर आणि कागदाचा फोटो रविवारपर्यंत मला पाठव. ‘डेटा’ की ‘डाटा’ यावर डोकं शिणवू नकोस, दोन्ही चालतात.

तुझा,
सर