आयव्हीएफच्या आधी गर्भपिशवीतल्या जंतूंची (मायक्रोबायोम) आणि एनके सेलची (रोगप्रतिकारशक्तीच्या पेशींची) महागडी तपासणी सांगितली आहे, करावी का?

टीबीच्या तपासणीसाठी गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा काढणार असतील, तर आधी तो कोणत्या बाटलीत जाणार ते विचारा. मायक्रोबायोमचं मागून.

आमच्या लॅबमध्ये यवतमाळकडच्या खेड्यांतून नमुने येतात. मे महिन्यात एका बाईचा आला. लग्नाला सहा वर्षं, नळ्या बंद, टीबीचा संशय. झाकण काढलं तर फॉर्मेलिनचा वास डोळ्यांत झोंबला. अख्खा तुकडा त्यातच बुडवलेला! फॉर्मेलिनमध्ये टीबीचे जंतू मरतात, मग कल्चर (जंतू वाढवून बघणं) कशाचं करणार? फॉर्मेलिन फक्त बायोप्सीच्या (सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या) अर्ध्या तुकड्याला. उरलेला अर्धा निर्जंतुक सलाईनमध्ये, बर्फाच्या डब्यात, त्याच दिवशी निघाला पाहिजे. तुकडा पाळीच्या आधीच्या आठवड्यात घेतात, म्हणजे त्या बाईला पुढच्या महिन्यात पुन्हा एसटी, पुन्हा भूल, पुन्हा बिल. पाठवणारा फोनवर म्हणाला, "बाटली कोणती का असेना, लेबल तं लावलं ना!" ज्याला हे कळत नाही त्याने नमुन्याला हात लावू नये.

रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून टीबी नाहीच असं समजू नका. हा रोग नळ्यांत जवळपास नेहमी सापडतो, अस्तरात साधारण निम्म्याच बायकांत. उलट नुसत्या पीसीआर (जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी) पॉझिटिव्हवर ६ महिन्यांच्या गोळ्याही सुरू करू नयेत. मेलेल्या जंतूंचा डीएनएसुद्धा पॉझिटिव्ह दाखवतो.

आता तुमचा प्रश्न. योनीत लॅक्टोबॅसिलस (चांगले जंतू) भरपूर असले की पीएच ४.५ च्या खाली राहतो. ते कमी झाले का, हे साध्या तपासणीत कळतं: पीएच पट्टी, पातळ करडा स्राव, १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकल्यावर मासळीसारखा वास, स्लाइडवर क्ल्यू सेल (जंतू चिकटलेल्या पेशी). चारांतल्या तीन खुणा मिळाल्या की बॅक्टेरियल व्हजायनोसिस (योनीतल्या जंतूंचा बिघाड) धरून डॉक्टर मेट्रोनिडॅझोल देतात, बहुतेक ७ दिवस. वर्षभरात हे अनेकींत पुन्हा उलटतं, तसं झालं तर पुन्हा दाखवायचं. रक्तातल्या एनके सेलवरून गर्भपिशवीतल्या एनके सेलचा अंदाज येत नाही. त्या आकड्यावर स्टेरॉइड किंवा इंट्रालिपिड (शिरेतून देतात ते चरबीचं द्रावण) घेऊ नका.

आणि नवऱ्याची वीर्यतपासणी झाली का? २ ते ७ दिवसांचं अंतर, नमुना तासाभरात लॅबमध्ये. "आमच्या पोराले काई नाई, सुनेचंच तपासा," हे म्हणणाऱ्या सासूचं ऐकून सुनेची दुर्बीण आधी करू नका.

तुकडा सरसकट सगळ्यांचा काढत नाहीत, टीबीचा संशय असेल तरच. वारंवार गर्भपात झाले असतील तर मात्र रोगप्रतिकारशक्तीची एक तपासणी खरंच लागते: अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी, १२ आठवड्यांच्या अंतराने दोनदा.