भांडुपच्या खाडीवर पहिल्यांदा जाताना

पक्ष्यांचे फोटो काढायला मुंबईतल्या भांडुप पंपिंग स्टेशनला जायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. लेन्स लहान म्हणून अडून राहू नकोस. ३०० मिमी सुरुवातीला पुष्कळ झाली. आत सोडतात का, ते मात्र आदल्या दिवशी विचारून घे.

सगळ्यात आधी भरती-ओहोटीची वेळ बघ. पूर्ण ओहोटीला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) चिखलात इतके लांब जातात की फोटोत नुसते गुलाबी ठिपके येतात. पाणी चढू लागलं की तेच थवे काठाकडे सरकतात. रोहितांसाठी पहाट आणि चढतं पाणी जुळेल तो दिवस निवड, रविवार हुकला तरी चालेल.

मग उजेड. भांडुप काय, मुंबईतलीच शिवडी काय, दोन्ही ठाणे खाडीच्या पश्चिम काठावर. सकाळचा सूर्य थेट तोंडावर येतो आणि पक्षी काळे पडतात. म्हणून पहिल्या दिवशी खाडीकडे धावू नकोस, रोहित नंतरच्या फेरीला ठेव. रस्त्यालगतच्या डबक्यांपाशी सूर्य पाठीशी घेऊन थांब. शेकाट्या, वंचक, खंड्या तिथेच भेटतील.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- उभ्यानेच फोटो काढतात. खाली बस, पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर ये.
- उडत्या पक्ष्याला शटरचा वेग कमी ठेवतात. १/१००० सेकंदापेक्षा संथ नको, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे.
- पक्ष्यामागे चालत राहतात. अर्धा तास एका जागी बस, तोच जवळ येईल.

थवा उडवायला टाळ्या किंवा दगड कधीच नकोत. ते इथे पोट भरायला येतात रे! चिखलातही उतरू नकोस, पाय रुततो.

रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल), हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) वगैरे नंतर बघू. आधी पाच-सहा सकाळी जाऊन ये.