हाताने बांधलेलं लॉग होम विकत घेताना काय काय तपासावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅल्गरीत राहता, ब्रिटिश कोलंबियाच्या कॅरिबू भागात १०० माइल हाउसच्या बाहेर दहा एकरांत डग्लस फरचं, हाताने बांधलेलं लॉग होम (आख्खे ओंडके एकावर एक आडवे रचून केलेलं घर) विक्रीला आहे. वय वीसेक वर्षं. भाव त्याच भागातल्या साध्या फ्रेमच्या (लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्याच्या) घराहून बराच चढा. घ्यावं का, आणि बघायला गेल्यावर नेमकं काय बघावं?

घ्यायला हरकत नाही. पण उंच छत, दगडी शेकोटी आणि तळ्याकडे उघडणारी भलीमोठी काच बघून मन बनवू नका. अशा घराची तब्येत दोन गोष्टींवर ठरते. ओंडके वाळून भिंती खाली बसल्या तेव्हा त्यांना बसायला वाट ठेवली होती का, आणि पाणी कुठे थांबतं. बाकी सगळं दुरुस्त होतं. या दोन गोष्टी चुकल्या असतील तर दुरुस्तीचा खर्च घराच्या सौंदर्याला झाकून टाकतो.

आधी घर खरंच हातचं आहे का ते बघा. कारखान्यात रंधून आलेल्या किटच्या, म्हणजे तयार भागांच्या घरात सगळे ओंडके एकाच जाडीचे असतात. हातकामात ओंडका झाडासारखाच राहतो, बुंध्याकडे जाड, शेंड्याकडे बारीक. एका थरात बुंधा डावीकडे असेल तर वरच्या थरात उजवीकडे, म्हणजे भिंत वर गेल्यावर समपातळीत येते. साल दोन मुठींच्या सुरीने सोलली असेल तर हात फिरवताना लांबट पैलू जाणवतात. वरच्या ओंडक्याच्या पोटात खालच्याच्या पाठीबरहुकूम लांब खाच कोरलेली असते. त्यासाठी स्क्राइबर नावाच्या, पाणसळीचे बुडबुडे लावलेल्या कंपासाने खालचा आकार वरच्यावर उतरवून घेतात. १०० माइल हाउस स्वतःला या घरांची उत्तर अमेरिकेतली राजधानी म्हणवतं. बांधणारे घराचा सांगाडा आपल्या आवारात उभा करतात, ओंडक्यांना क्रमांक टाकतात, सगळं उतरवून ट्रकने जागेवर नेतात आणि पुन्हा रचतात. त्यामुळे मूळ नकाशे बऱ्याचदा मालकाकडे असतात. ते मागाच.

आता बसण्याचं. ओला ओंडका व्यासात आकसतो, लांबीत जवळजवळ नाही. आडव्या ओंडक्यांची भिंत म्हणून खाली येते, उभा खांब मात्र तेवढाच राहतो. लॉग बांधणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मानकांत ओल्या लाकडासाठी उंचीच्या साधारण ६ टक्के धरतात, म्हणजे फुटामागे पाऊण इंच. आठ फुटी भिंत सहा इंचांपर्यंत खाली येऊ शकते. यातलं बहुतेक पहिल्या तीन ते पाच वर्षांत घडतं. तुमचं घर वीस वर्षांचं आहे, म्हणजे जे व्हायचं ते होऊन गेलंय. ते नीट झालं का, एवढंच शोधायचं.

खिडक्यांपासून सुरुवात करा. खिडकीच्या चौकटीवर आणि वरच्या ओंडक्याखाली मोकळी जागा सोडलेली असते, ती रुंद पट्टीने झाकतात. पट्टी वरच्या ओंडक्याला खिळलेली हवी, चौकटीवरून ती नुसती सरकली पाहिजे. दोन्हीकडे ठोकली असेल तर एक तर पट्टी फाटते किंवा चौकट वाकते. एक पट्टी काढून बघायची परवानगी मागा. आत जागा उरलेली नसेल, ओंडका चौकटीवर टेकला असेल, तर भिंतीचं वजन खिडकीवर आहे. काचेला कोपऱ्यातून चीर जाणं, दार वरच्या कडेला घासणं, खिडकीच्या दोन्ही बाजूंच्या ओंडक्यांमध्ये फटी दिसणं, ही त्याचीच लक्षणं.

मग खांब. प्रत्येक उभ्या खांबाच्या डोक्याशी किंवा पायाशी स्क्रू-जॅक, म्हणजे आटे फिरवून उंची कमी-जास्त करायचा लोखंडी टेकू असतो, बहुधा लाकडी कॉलरखाली लपवलेला. भिंती बसत जातात तसा जॅक टप्प्याटप्प्याने, प्रत्येक वेळी थोडासाच उतरवायचा असतो. मालक बदलले की नव्याला हे कुणी सांगत नाही आणि जॅक आहे तिथेच राहतो. मग भिंती खाली, खांब वर, आणि छपराचं आढं मध्येच उंच उठतं. बाहेर लांब उभं राहून आढ्याची रेघ डोळ्याने पारखा. कॉलर वर सरकवून जॅकचे किती आटे शिल्लक आहेत, कितीवर गंज आहे, ते पाहा. एकही आटा कधी फिरलेला दिसत नसेल तर सौदा पुढे नेण्याआधी लॉगच्या कारागिराला बोलवा.

हेच तत्त्व घरभर लावा. आतल्या फ्रेमच्या भिंतीच्या माथ्यावर मोकळी जागा हवी. उभ्या सांडपाण्याच्या पाइपला सरकता सांधा हवा. जिना वरून अडकवलेला आणि खाली सरकता हवा. चिमणीभोवतीचा पत्रा दोन भागांत, एकावर एक सरकणारा. स्वयंपाकघरातली कपाटं ओंडक्यांना थेट घट्ट पिळलेली असतील तर त्यांच्या मागची भिंत लटकून राहते आणि तिथल्या आडव्या फटी उघडतात.

कोपऱ्यावर वेळ द्या, कारागिराचा हात तिथेच कळतो. कोपऱ्यात वरचा ओंडका खालच्यावर खोगिरासारखा बसतो. खोगिराचं तोंड खाली हवं. वर असेल तर ती पाण्याची वाटी होते. जाणकार कारागीर कोपऱ्याची खाच घट्ट आणि मधली लांब खाच मुद्दाम किंचित सैल ठेवतो. लाकूड वाळलं की खोगीर रुंदावतं, पण वजन कोपऱ्यावरच असल्याने ते दबत जाऊन घट्ट राहतं आणि लांब खाचही हळूहळू मिटते. ही सैल जागा सोडली नसेल तर वजन लांब खाचेवर अडतं आणि कोपरा उघडा पडतो. एक जुनं बँक कार्ड घ्या, कोपऱ्याच्या सांध्यात सरकवा. कार्ड निम्म्याहून जास्त आत गेलं, आणि हे चार-पाच कोपऱ्यांत झालं, तर हिवाळ्यात तिथून वारा येणार.

शक्य असेल तर घर जानेवारीत, वाऱ्याच्या दिवशी बघा. उदबत्ती पेटवून कोपरे, छत आणि भिंतीचा सांधा, खिडक्यांच्या पट्ट्या यांच्याजवळून सावकाश फिरवा. धूर जिथे आडवा पळतो तिथे खडूने खूण करा. नीट आकडा हवा असेल तर ब्लोअर डोअर चाचणी (दारात मोठा पंखा लावून घर किती हवा गळतं ते मोजणारी) करून घ्या. मऊ लाकडाचा आर-मूल्याचा (उष्णता अडवण्याच्या क्षमतेचा) हिशेब इंचाला साधारण १.२५ धरतात, म्हणजे १२ इंची ओंडका कागदावर आर-१५. प्रत्यक्षात दोन ओंडके जिथे भेटतात तिथे जाडी बरीच कमी असते. तरीही या घरांचं हीटिंगचं बिल भिंतीच्या जाडीपेक्षा फटींमुळे आणि छपरामुळेच जास्त फुगतं.

आता पाणी. कोकणातलं जुनं घर आठवा: उंच जोतं, पुढे आलेली वळचण, भिंतीपासून लांब पडणाऱ्या पागोळ्या. लॉग होमलाही हेच लागतं. सगळ्यात खालचा ओंडका जमिनीपासून किमान १२ इंच वर हवा आणि वळचण निदान तीन फूट पुढे. नंतर कुणी फुलझाडांसाठी माती चढवली असेल, भिंतीला टेकवून सरपण रचलं असेल, स्प्रिंकलरचं तोंड भिंतीकडे असेल, तर तिथला तळाचा ओंडका कुजायला लागला असण्याचा संभव मोठा.

छपराच्या बाहेर डोकावणारी आढ्याची आणि पर्लिनची (छपराला आधार देणाऱ्या आडव्या ओंडक्यांची) टोकं फोटोत सर्वांत देखणी दिसतात आणि आधी कुजतातही तीच. ओंडक्याचं कापलेलं टोक बारीक नळ्यांच्या जुडग्यासारखं पाणी ओढतं, बाजूपेक्षा कितीतरी वेगाने. टोकं पागोळीच्या रेषेच्या आत आहेत का, नसली तर वर धातूची टोपी आहे का, हे दुर्बिणीतून बघा. छपराच्या दोन उतारांची पन्हळ जिथे भिंतीजवळ रिकामी होते तो कोपरा, आणि डेक जिथे ओंडक्याला बोल्टने जोडलाय ती रेघ, या दोन जागा सोडू नका. डेकच्या फळीमागे पत्रा घातलेला नसेल तर पाणी आत बसतं आणि वरून काही दिसत नाही.

तपासायला हातोडी आणि टोच्या पुरतो. हातोडीच्या दांड्याने ठोकत चला. निरोगी ओंडका खणखणीत बोलतो, पोखरलेला ढब वाजतो. ढब वाजला तिथे टोच्या हलक्या हाताने दाबा. पाव इंचाहून जास्त सहज आत गेला तर कूज सुरू आहे. ओल मोजायला लांब, बाजूने इन्सुलेट केलेल्या पिनांचा मीटर वापरा, दोन-तीन इंच आतपर्यंत जाणारा. १९ टक्क्यांच्या खाली असेल तर चांगलं. उन्हाळ्याच्या शेवटीही कुठे २० च्या वर दाखवत असेल तर पाण्याची वाट शोधा. लाकडाला बोरेट (कूज आणि किडीविरुद्धचे क्षार) दिलेलं असेल तर त्या क्षारांमुळे मीटर थोडं जास्त दाखवू शकतो, म्हणून आकड्यापेक्षा जवळच्या कोरड्या जागेशी तुलना करा. तळाशी भुशाचे छोटे ढीग, त्यात मुंग्यांचे तुकडे, म्हणजे सुतार मुंग्या. त्या लाकूड खात नाहीत, पोखरून घर करतात, आणि बहुधा ओल असेल तिथेच.

भेगांना घाबरू नका. ओंडका वाळताना लांबीच्या दिशेने चिरणारच, त्याने मजबुती कमी होत नाही. पण बाहेरच्या बाजूची, ओंडक्याच्या वरच्या अर्ध्या भागातली, पाव इंचाहून रुंद भेग पाणी झेलते. ती फोमची दोरी घालून वर लवचीक सीलंटने भरतात. दोरी नसेल तर सीलंट तीन बाजूंना चिकटतं आणि ओंडका हलला की फाटतं. दोरी असेल तर दोनच बाजूंना चिकटून ताणलं जातं. खालच्या बाजूला उघडणाऱ्या भेगा तशाच राहू द्याव्यात, आतलं पाणी तिथून बाहेर पडतं. विकण्याच्या तोंडावर सगळ्या भेगा नव्याने भरलेल्या आणि भिंतीवर ताजा चकचकीत स्टेन (लाकडावरचा संरक्षक रंग) दिसला, तर टोच्या त्याच जागांवर जास्त फिरवा.

स्टेन हा दर काही वर्षांनी येणारा मोठा खर्च आहे. दक्षिण आणि पश्चिम भिंतीला दोन ते चार वर्षांनी, उत्तरेला त्याहून उशिरा. भिंतीवर थोडं पाणी शिंपडा. थेंब मण्यांसारखे उभे राहिले तर स्टेन जिवंत आहे; पाणी मुरून डाग गडद झाला तर काम जवळ आलं. जुना थर काढायला मक्याच्या कणसाच्या भरड्याने ब्लास्टिंग करतात, म्हणजे तो हवेच्या जोराने भिंतीवर मारतात. जोराच्या पाण्याने धुतलं तर तंतू उसवतात आणि पाणी आत शिरतं. मागच्या दहा वर्षांत कधी, कोणत्या भिंतीला, कुठला स्टेन दिला, त्याची पावती मागा.

एक चाचणी फार कमी लोक करतात. उजवा हात ओंडक्यावर ठेवा, बोटं लांबीच्या दिशेने. तंतू अंगठ्याकडे वळत गेले असतील तर पीळ डावा, करंगळीकडे तर उजवा. डाव्या पिळाचा ओंडका वाळताना जास्त मुरडतो आणि कमजोर असतो. पीळ जोरदार असलेले ओंडके दार-खिडक्यांच्या वर किंवा पर्लिन म्हणून वापरलेत का, ते बघा.

विम्याचं, घरासाठी ऑफर देण्याआधीच विचारा. अग्निशमन केंद्र रस्त्याने ८ किलोमीटरच्या आत आहे का आणि हायड्रंट (आगीसाठीचा पाण्याचा नळ) ३०० मीटरच्या आत आहे का, यावर हप्ता बराच बदलतो. सरपणाच्या शेगडीसाठी बहुतेक कंपन्या वेट (WETT, लाकूड जाळणाऱ्या शेगड्यांची सुरक्षा) तपासणीचं प्रमाणपत्र मागतात. जुलै २०१७ मध्ये वणव्यांमुळे १०० माइल हाउस रिकामं करावं लागलं होतं. जवळ वणवा पेटलेला असताना विमा कंपन्या नवी पॉलिसी देणं थांबवतात, तेव्हा ताबा घेण्याची तारीख ऐन उन्हाळ्यात ठेवू नका. जाड ओंडका सावकाश जळतो, तासाला साधारण दीड इंच. घर पेटतं ते उडत्या ठिणग्यांनी, पन्हळीतल्या सुक्या पानांतून, डेकखालच्या कचऱ्यातून, सीडरच्या शेक (चिरलेल्या लाकडी फळकुटांच्या) छपरातून. भिंतीभोवती दीड मीटर पट्टा खडीचा हवा आणि छप्पर धातूचं असेल तर उत्तम. विम्याची रक्कमही तसंच घर पुन्हा हाताने बांधायच्या खर्चावर ठरवा, बाजारभावावर नको.

विहिरीची पंप-चाचणी ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात करा आणि पाणी प्रयोगशाळेत जिवाणू, आर्सेनिक, युरेनियम, लोह यांसाठी तपासा. सेप्टिक २००५ नंतरची असेल तर आरोग्य विभागाकडे तिची नोंद असते, ती काढा. जमीन शेती राखीव क्षेत्रात येते का तेही बघा, कारण तिथे आणखी एक घर बांधायचं असेल तर मर्यादा असतात.

तपासणीला नेहमीचा परवानाधारक होम इन्स्पेक्टर घ्या, पण त्याच्यासोबत लॉगचा कारागीर अर्धा दिवस तरी घ्या. पट्टी काढून, जॅकवर हात ठेवून बोलणारा तोच असतो. ऑफरमध्ये तपासणी, विमा, विहीर आणि सेप्टिक अशा चार वेगळ्या अटी लिहा. ब्रिटिश कोलंबियात २०२३ पासून ऑफर मान्य झाल्यावर तीन कामकाजाचे दिवस माघार घेता येते, पण तेव्हा किमतीच्या ०.२५ टक्के भरावे लागतात आणि हे घर तपासायला तीन दिवस अपुरे आहेत. अटींसाठी निदान दोन आठवडे मागा. त्या दोन आठवड्यांत एखादा दिवस जोराचा पाऊस पडला तर गाडी काढून तिथे जा आणि वळचणीखाली उभं राहून बघा, पागोळ्या नेमक्या कुठे पडतायत आणि शिंतोडे कितव्या ओंडक्यापर्यंत उडतायत.