पेटाफ्लॉप्स कागदावर, मॉडेल मैदानात

प्रश्न : पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या ‘अर्क’ महासंगणकाची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स (एक पेटाफ्लॉप्स म्हणजे सेकंदाला दहा लाख अब्ज गणितं) असल्याचं वाचलं. हवामानाचं मॉडेलही त्याच वेगाने चालतं का?

उत्तर : नाही, जवळपासही नाही. जाहीर होणारा आकडा कमाल क्षमतेचा असतो, नाहीतर लिनपॅक या मोठी समीकरणं सोडवणाऱ्या चाचणीचा. जपानचा ‘फुगाकू’ महासंगणकच घ्या. कमाल क्षमता ५३७ पेटाफ्लॉप्स, लिनपॅकमध्ये ४४२ आणि मेमरीवर जास्त ताण देणाऱ्या एचपीसीजी चाचणीत फक्त १६! यंत्र तेच, कामाची जात बदलली.

लिनपॅकमध्ये मेमरीतून एकदा आणलेला आकडा कॅशमध्येच (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) शेकडो वेळा वापरला जातो. हवामानाच्या मॉडेलमध्ये जाळीतल्या शेजारच्या बिंदूंचे आकडे आणायचे, दोन-चार बेरजा-गुणाकार करायचे, की पुढचा बिंदू. साधी अ = ब + क × ड ही ओळ बघा. क हा ठरलेला एकच आकडा; ब आणि ड वाचायचे, अ लिहायचा, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे २४ बाइट हलवून गणितं फक्त दोन. नोडची (महासंगणकातल्या एका संगणकाची) मेमरी सेकंदाला २०० गिगाबाइट देत असेल, तर हिशेब १७ गिगाफ्लॉप्सच्या (सेकंदाला १७ अब्ज गणितांच्या) आतच आटोपतो; प्रोसेसर कितीही दांडगा असो. म्हणून अशा कामासाठी यंत्र निवडताना आधी मेमरीचा वेग विचारावा. विक्रेते तो सहसा दुसऱ्या पानावर छापतात.

प्रश्न : नोड दुप्पट केले, तरी वेळ निम्मा का होत नाही?

उत्तर : कडांमुळे. एका प्रोसेसकडे (कामाचा एक वाटा चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे) १०० × १०० × १०० बिंदूंचा ठोकळा असेल, तर १० लाख बिंदूंमागे शेजाऱ्यांकडून एका थराचे ६०,००० बिंदू मागवावे लागतात, म्हणजे ६ टक्के. नोड वाढवत ठोकळा २५ × २५ × २५चा केला की १५,६२५ बिंदूंमागे ३,७५०, म्हणजे २४ टक्के. गणित घटतं, निरोपांची ये-जा मात्र त्या मानाने घटत नाही.

यंत्राचा वेग मोजताना आपलंच मॉडेल, आपल्याच जाळीवर चालवा. सुरुवातीची फाइलवाचणी आणि निकाल लिहिण्याचा वेळ वेगळा नोंदवा; पुष्कळदा खरा खोळंबा तिथेच असतो. प्रोसेस ठरावीक कोअरना (प्रोसेसरमधल्या गणित करणाऱ्या भागांना) बांधून ठेवा, नाहीतर त्या दुसऱ्या सॉकेटवर, म्हणजे नोडमधल्या दुसऱ्या प्रोसेसरवर, सरकतात आणि मेमरी लांब पडते. एकाच मोजणीवर विसंबू नका. पाच वेळा चालवून मधला आकडा घ्या, कारण नेटवर्कवर इतरांचीही कामं चालू असतात.

जाळीतल्या बिंदूंमधलं अंतर १२ किमीवरून ६ किमीवर आणायचं असेल, तर आडवे बिंदू चौपट होतात आणि कालपायरीही (मॉडेल एका वेळी जितका काळ पुढे सरकतं तो) निम्मी करावी लागते. काम आठपट. उभे थर वाढवलेत, तर त्याहून जास्त.