झालं का? झालं का?

गेल्या अंकात मी ओघात एक वाक्य लिहिलं होतं, ‘सुट्टीत मुलांना ओट्याजवळ येऊ द्या, एखादं बिस्किट तरी भाजू द्या.’ त्यावर पत्रं आली, आणि निम्मी तक्रारीची! बालवाडीत २६ वर्षं काढली, आता दर रविवारी घरी सहा मुलांना घेऊन भाजण्याचे उद्योग करते. त्यामुळे तक्रारी ओळखीच्या वाटल्या. पाच पत्रं घेते.

प्रश्न : माझा मुलगा पाच वर्षांचा. ‘थांब’ हा शब्द त्याला ऐकूच येत नाही. थोडा धीर यावा म्हणून दोघांनी मिळून केक करायला घेतला. भांडं ओव्हनमध्ये गेल्यापासून दर मिनिटाला ‘झालं का?’ मी जरा फोनवर बोलत होते तेवढ्यात, बाराव्या मिनिटाला, त्याने दार उघडलं. केक मधोमध बसला. मी ओरडले, तो रडला, सासूबाई म्हणाल्या, ‘कशाला हे उद्योग, बेकरी कोपऱ्यावरच आहे.’ पुन्हा करू की अजून वर्षभर थांबू? — एक आई, ठाणे

उत्तर : केक बसला ते सोडा. पाच वर्षांच्या मुलाने १८० अंशांवर तापलेलं दार एकट्याने उघडलं, हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. माझ्याकडे नियम एकच आहे आणि त्यात सूट नाही : ओव्हनपासून दोन फरश्या अलीकडे खडूची रेघ, आणि आत काही भाजत असेल तोवर मोठं माणूस तिथून हलत नाही. फोनचं मी काही म्हणत नाही, तुम्हीच लिहिलंय.

आता धीराचं. तुम्ही सुरुवातच केकने केलीत. ३५-४० मिनिटं म्हणजे पाच वर्षांच्या मुलाला तिरुपतीची रांग. नानकटाईने सुरुवात करा. सव्वाशे ग्रॅम मैदा, दोन चमचे भरून बेसन, ६० ग्रॅम पिठीसाखर, साधारण १०० ग्रॅम तूप, पाव छोटा चमचा सोडा, वेलदोडा. थिजलेलं तूप आणि साखर हलकी होईस्तोवर फेसायची, मग बाकीचं चाळून घालायचं. चाळायला त्याला द्या. खाली वर्तमानपत्र अंथरा आणि सांडेल ते सांडू द्या. चार-पाच वर्षांच्या मुलाला चाळणीइतकं दुसरं काही आवडत नाही, हे मी पैजेवर सांगते. गोळे वळायचे, अंगठ्याने मधे दाबायचे, १७० अंशांवर १२ ते १५ मिनिटं. फक्त कच्चं पीठ चाटू देऊ नका. कच्च्या अंड्याची भीती सगळ्यांना ठाऊक असते, पण कच्च्या मैद्यातही रोगजंतू असू शकतात.

आणि ती १५ मिनिटं त्याला रिकामं बसवू नका. नुसतं बसून वाट पाहणं तुम्हाआम्हाला जमत नाही, बँकेत टोकन घेऊन बसल्यावर आपण काय करतो ते आठवा. वाटी धुणं, ओटा पुसणं, सांडलेला मैदा ओल्या फडक्याने टिपणं, ताटली मांडणं हे सगळं त्या १५ मिनिटांतलं काम. चावी पिळायचं, टिकटिक करून शेवटी टण्ण वाजणारं घड्याळ मिळतं, ते आणा. ‘झालं का?’ विचारलं की उत्तर तुम्ही नका देऊ, घड्याळाकडे बोट दाखवा. माझ्याकडचा एक मुलगा पहिल्या रविवारी १९ वेळा विचारायचा (मी मोजलंय), चौथ्या रविवारी तो दुसऱ्याला म्हणाला, ‘अरे, टण्ण नाही झालं अजून.’

नानकटाईची आणखी एक गंमत आहे. बाहेर काढल्यावर ती मऊच असते, उचलायला गेलं की मोडते. तूप गार होऊन आळलं की मग खुसखुशीत होते. म्हणजे दुसरं थांबणं आपोआप येतं, आणि ते तुम्ही लादलेलं नसतं. एक मुद्दाम गरम असताना मोडू द्या.

केक का बसला, हेही त्याला सांगा. ठाण्यात राहता, खिडकीतून एखादी इमारत चढताना दिसतच असेल. स्लॅब घातला की सेंट्रिंग लगेच काढतात का? नाही काढत, खाली येईल. बाराव्या मिनिटाला केकची तीच गत असते. सोड्याचे बुडबुडे त्याला वर उचलून धरतात, पण अंड्याचं आणि पिठाचं जाळं अजून ओलं असतं. गार हवा आत गेली, बुडबुडे आकसले, छत खाली आलं. निम्म्याहून बराच जास्त वेळ झाल्यावरच दार उघडायचं, तोवर काचेतून बघायचं. बसलेल्या केकच्या चकत्या कापून तव्यावर तुपात परता. आम्ही त्याला ‘पडका वाडा’ म्हणतो आणि मुलं तो मागून घेतात.

आता थोडं कडू. तुम्ही वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञांच्या, लहान मुलांवर केलेल्या त्या गोड गोळीच्या (मार्शमेलोच्या) प्रयोगाबद्दल कुठेतरी वाचलं असणार. एक आत्ता खा, नाहीतर थांब आणि दोन घे. जे थांबले ते पुढे यशस्वी झाले, वगैरे. २०१८ साली जास्त मुलं घेऊन तो पडताळला, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर थांबण्याचा आणि पुढच्या यशाचा संबंध पुष्कळच पातळ झाला. मला जास्त पटतो तो २०१३ साली छापून आलेला, अमेरिकेतल्या रॉचेस्टरचा प्रयोग. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना आधी सांगितलं, ‘थांब, चांगले रंग आणते.’ काहींना खरंच आणून दिले, काहींपुढे बाई रिकाम्या हाताने परत आली. मग तोच गोळीचा खेळ. ज्यांना रंग मिळाले होते ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांना नव्हते मिळाले ती ३ मिनिटं.

हे वाचलं तेव्हा मला माझा एक शुक्रवार आठवला. बालवाडीत नवीन ओव्हन आणला होता. ‘डबे खाऊन झाले की नानकटाई,’ असं मी सांगितलं आणि नेमके दिवे गेले. मी बिस्किटांचा पुडा फोडला, ‘सोमवारी नक्की’ म्हटलं. सोमवारी बाहेरची माणसं शाळा बघायला आली, त्या गडबडीत राहूनच गेलं. बुधवारी एकदाचे गोळे आत ठेवले, तर पोरं गोष्टीला बसेनात. एक चिमुरडी कमरेवर हात ठेवून ओव्हनपुढे उभी. म्हणाली, ‘मी इथंच थांबते. तुम्ही म्हणता आणि देत नाही.’ मी त्या वर्षभर मुलांचा उतावळेपणा किती वाढलाय, असं मुख्याध्यापकांना सांगत फिरत होते.

तेव्हा वर्षभर कशाला थांबता? हा रविवार धरा. मात्र रविवारी म्हणालात तर रविवारी.

प्रश्न : मोठी आठ वर्षांची, धाकटी चार. मैदा अगदी समान वाटून दिला तरी धाकटी म्हणते, ‘ताईला जास्त.’ प्रत्येक वेळी रडारड. तिचा स्वभावच हावरट आहे का? — एक आई, नागपूर

उत्तर : हावरट कशाने? मोठीला उंच पेल्यात दिला होतात का? माझी खात्री आहे, तसंच काहीतरी असणार. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी हे फार पूर्वी दाखवून ठेवलंय. पसरट भांड्यातलं पाणी मुलासमोर उंच भांड्यात ओतलं, तरी सहा-सात वर्षांच्या आतलं मूल म्हणतं, पाणी वाढलं. तिला खरंच जास्त दिसतं, ती खोटं बोलत नाही. आपल्या डोळ्यांना जे दिसत नाही त्यासाठी तिला रागावून काय उपयोग?

दोन सारख्या वाट्या घ्या. त्याहून उत्तम म्हणजे छोटा डिजिटल काटा. माझ्याकडे एक मुलगी काट्यावर मैदा घालत होती. १२२, १२४, मग एकदम १३१. तिने चमच्याने थोडा काढला, १२६ झाला. मग तिने चिमटीने, चिमटीने काढत १२५ वर आणला, श्वाससुद्धा रोखून धरला होता. पाच मिनिटं गेली असतील. घरी हीच मुलगी चपलेचा बंद लावायला थांबत नाही, असं तिची आई म्हणते.

तयार झालेल्या वड्या वाटताना मात्र काटा नको. जी कापेल तिने शेवटी उचलायचं. आठवडाभरात मोठी पट्टी घेऊन कापायला लागेल.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा, केक करायची फार हौस. घरचे थट्टा करतात, ‘बायकी कामं’ म्हणतात. काय सांगू? — एक बाबा, कोल्हापूर

उत्तर : काही सांगू नका. एकदा पहाटे चार वाजता थट्टा करणाऱ्यांना गल्लीतल्या बेकरीत घेऊन जा आणि भट्टीपुढे बनियन घालून कोण उभं आहे ते दाखवा. येताना गरम पाव आणा. आणि दिवाळीत शंकरपाळे तळायला तुम्ही स्वतः त्याच्याबरोबर बसा, मग थट्टा निम्मी होईल.

प्रश्न : मैदा, साखर, तूप! मुलांना संयम शिकवायचा की मधुमेह द्यायचा? — एक वाचक, पुणे

उत्तर : पंधरा दिवसांतून एकदा चार नानकटाया, आणि त्यातल्या दोन शेजारच्या आजींना. घरात एरवी काय येतं, त्याचा हिशेब आधी मांडा. अगदीच नको वाटत असेल तर कणकेचा पाव करा, त्यात शिकण्यासारखं जास्तच आहे. कोमट पाण्यात यीस्ट आणि चिमूटभर साखर. कोमट म्हणजे बाळाला आंघोळ घालतो तेवढंच, कढत पाण्याने यीस्ट मरतं. पीठ मळून काचेच्या बरणीत ठेवा आणि पिठाच्या उंचीला बाहेरून रबरबँड लावा. मूल दर अर्ध्या तासाने जाऊन बघून येतं, पीठ रबरच्या किती वर गेलं. मे महिन्यात तासाभरात दुप्पट होतं, डिसेंबरात दोन-दोन तास लागतात. आमच्याकडे एकाने थंडीत बरणीला मोजा घातला होता. कल्पना वाईट नव्हती.

प्रश्न : नात सुट्टीला येणार आहे. घरात ओव्हन नाही आणि या वयात घ्यायचाही नाही. आमच्या लहानपणी मैदा, साखर, डालडा घेऊन बेकरीत जायचो आणि बिस्किटं भाजून आणायचो. आता तशा भट्ट्या आमच्या भागात राहिल्या नाहीत. घरी काही होईल का? — एक आजोबा, मिरज

उत्तर : काका, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मीही त्या रांगेत बसलेली आहे. तेलाचा पत्र्याचा चौकोनी डबा घासूनपुसून न्यायचा, आपला जिन्नस तोलून द्यायचा, आणि नंबर लागेस्तोवर त्याच पालथ्या डब्यावर बसायचं. बेकरीवाले मामा लांब दांड्याच्या फावड्याने पत्रे आत सारायचे. आपला पत्रा कुठला, म्हणून आम्ही कडेच्या गोळ्यावर नखाने खूण करून ठेवायचो. दोन-तीन तास सहज जायचे. घरी येताना डब्याचं बूड मांडीला चटके द्यायचं आणि आई बजावायची, ‘गार होऊ दे, वाफ धरेल.’ वाटेत निदान चार तरी संपायची.

घरी नक्की होईल. जाड बुडाची जुनी कढई किंवा पातेलं घ्या, नॉनस्टिक नको. तळाला दोन वाट्या जाडं मीठ, त्यावर तिवई, घट्ट बसणारं झाकण. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापू द्या. मग गोळे मांडलेली ताटली तिवईवर ठेवून आच अगदी मंद करा. नानकटाईला २० ते २५ मिनिटं धरा, कडा तांबूस दिसल्या की झालं. बरेच लोक कुकर वापरतात, शिट्टी आणि रबर दोन्ही काढून, पाणी न घालता. पण कोरडा तापवून कुकर बिघडतो, तेव्हा सूनबाईंचा रोजचा तर मुळीच घेऊ नका. ते मीठ एका बरणीत भरून ठेवा, पुढच्या वेळेला तेच चालतं, जेवणात मात्र वापरू नका.

तापलेल्या कढईचं झाकण तुम्हीच उचलायचं, सांडशीने, वाफ आपल्यापासून पलीकडे जाईल असं. नातीला चाळणं, वळणं, दाबणं आणि घड्याळ द्या. पहिली खेप खालून करपेल. माझीही करपते. मीठ थोडं वाढवा, ताटलीखाली दुसरी ताटली ठेवा, आणि नातीला तसं वहीत लिहून ठेवायला सांगा : ‘खेप १, २५ मिनिटं, खाली काळी.’ दुसऱ्या खेपेला काय बदललं तेही लिहू दे. आणि कडेच्या एका गोळ्यावर तिला नखाने खूण करू द्या, ती कशासाठी ते विचारेलच.

गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. मिरजेला जूनची हवा लागली की मऊ पडतात.