रथाला ट्रॅक्टर जोडावा का?

प्रश्न : गुरुजी, नमस्कार. आमचं गाव आर्वी तालुक्यात. रामनवमीला संध्याकाळी गावातून रामाचा रथ निघतो. लाकडी आहे, चार चाकांचा, जुना. पूर्वी दोराला शंभर-दीडशे माणूस असायचा म्हणतात. आता पोरं पुण्याला, चाकणला. मागच्या वर्षी शाळेजवळच्या चढावर रथ अर्धा तास अडकला. यंदा बैठकीत ठरत आलं आहे की रथ सरळ ट्रॅक्टरला जोडायचा. दोन-चार जुनी माणसं नाही म्हणाली. पण हातानं ओढण्यात एवढं काय आहे, असं विचारल्यावर त्यांना सांगता आलं नाही. मलाही येत नाही. तुम्ही सांगा.

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र वाचलं आणि मला एरंडीच्या तेलाचा वास आला.

माझा बाप सुतार. वर्षभर तो बंडीची चाकं करायचा. मधोमध बाभळीचा तुंबा, त्यात ठोकलेले आरे, वरून लोखंडी धाव, म्हणजे चाकाभोवतीची पट्टी. धाव बसवायचा दिवस म्हणजे आम्हा पोरांचा तमाशा. गोवऱ्यांच्या आगीत ती लाल होईस्तोवर तापवायची, चिमट्यांनी उचलून चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचं. चर्र आवाज, वाफेचा लोट, आणि लोखंड आवळलं की सगळे आरे आपल्या जागी करकचून बसायचे. गावच्या रथाची चाकंही त्याच्याच हातची. रामनवमीच्या आदल्या दिवशी रथाला ओंगण घालायचं काम माझ्याकडे. चिंधी एरंडीच्या तेलात बुडवायची आणि आसाला फासायची. एकदा कंटाळून मी विचारलं, "बाबा, देवाचा रथ हाय, तेल थोडं कमी घातलं तं नाई चालन का?" बाप म्हणाला, "देवाचं वजन नाई लागत बाबू. लाकडाचं लागते."

कठोपनिषदात शरीराला रथ, बुद्धीला सारथी आणि मनाला लगाम म्हटलं आहे. कीर्तनात मीही ते सांगतो, लोक माना डोलावतात. पण तो आतला रथ झाला. गल्लीतून जाणाऱ्या रथाचं उत्तर त्यात सापडत नाही. ते तुमच्या गावाहून फार लांब नाही, वर्धा नदीच्या पल्याड कौंडण्यपूरला आहे.

रुक्मिणी तिथली, भीष्मक राजाची लेक. भावानं तिचं लग्न शिशुपालाशी ठरवलेलं. वाड्याबाहेर पडायला तिला एकच निमित्त होतं, लग्नाआधी अंबिकेचं दर्शन. तिनं एका ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला निरोप पाठवला, की मी येऊ शकत नाही, तू ये. भागवताच्या दहाव्या स्कंधात ही कथा आहे. आणि कृष्ण आला, रथ घेऊन. 'आधी तू घर सोड, मग पाहू' असं त्यानं कळवलं नाही. ज्याला निघता येत नाही त्याच्यासाठी देवानं निघायचं, रथाचा अर्थ मला एवढाच कळतो. बाकी झालर, पताका, कळस शोभेला आहेत. असाव्यात, मला आवडतात.

ती अंबिका म्हणजे आपल्या अमरावतीची अंबादेवी, असं आपण परंपरेनं मानतो. त्याच देवळात अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना जाता यावं म्हणून १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. एका राजकन्येसाठी जिथं देव रथ घेऊन आला, तिथंच माणसांनी माणसांना दार लावलं. कीर्तनात हे सांगितलं की दोन-चार जण उठून पाणी प्यायला जातात. जाऊ देत.

मी जगन्नाथपुरीला एकदाच गेलो. आषाढ शुद्ध द्वितीयेला तिथं तीन रथ निघतात : जगन्नाथाचा नंदिघोष सोळा चाकांचा, बलभद्राचा तालध्वज चौदा चाकांचा, सुभद्रेचा दर्पदलन बारा चाकांचा. नंदिघोषाची उंची सुमारे ४५ फूट. हे रथ दरवर्षी नवे करतात, अक्षय्य तृतीयेला काम सुरू होतं. मी सुताराचा पोर, देवाआधी माझी नजर चाकावर गेली. माझ्या डोक्याच्या वर चाक! बाप असता तर आरे मोजत बसला असता.

रथ निघण्याआधी पुरीचे गजपती महाराज सोन्याच्या मुठीच्या झाडूनं रथ झाडतात. राजानं त्या दिवशी झाडूवाला व्हायचं, अशी तिथली रीत. आपल्याकडच्या माणसाला हे पाहून गाडगेबाबा आठवल्याशिवाय राहत नाहीत. फरक इतकाच, की बाबांचा झाडू खराट्याचा होता आणि तो वर्षातून एकदा नव्हे, रोज चालायचा. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचे, कीर्तन रात्री.

मग दोर ताणले. हजारो हात. रथ थोडा सरकला आणि थांबला. थांबला तो थांबलाच. मी शेजारच्या ओडिया बाईंना हिंदीत विचारलं, काय बिघडलं? त्या म्हणाल्या, काही नाही, त्याचं मन नाही. आणि खुशाल पदरानं वारा घेत बसल्या. तिथल्या कथेप्रमाणे एकदा रथ असाच सालबेगासाठी थांबला होता. सालबेग मुसलमान बापाचा मुलगा, जगन्नाथाची भजनं रचणारा. त्याला देवळात प्रवेश नव्हता. तो प्रवासात आजारी पडला, वेळेत पोचेना. तो येईपर्यंत रथ जागचा हलला नाही म्हणतात. त्याची समाधी त्याच रस्त्यावर आहे आणि आजही जगन्नाथाचा रथ तिथं थांबतो. त्या देवळात हिंदू नसलेल्यांना आजही प्रवेश नाही. पण रथ रस्त्यावर आला की कोण पाहतो आणि कोण दोराला हात लावतो, हे विचारायला दारावर कोणी नसतं.

आता तुमचा ट्रॅक्टर. त्यानं पाप लागणार नाही, घाबरू नका. पण माझ्या गावातली एक गोष्ट सांगतो. आमच्या गल्लीच्या टोकाला एक आजी होती, पाय गेलेले. रामनवमीला सून तिची बाज दाराबाहेर आणून ठेवायची. रथ तिच्या घरासमोर आला की दोर आपोआप सैल पडायचा. कोणी "थांबा" म्हणत नसे. आजी बाजेवरूनच हात जोडायची, "आला का रे बाप्पा, पानी पेऊन जा" म्हणायची, आणि सून रथाच्या चाकावर तांब्याभर पाणी ओतायची. देवावर नाही, चाकावर. मग दोर ताणायचा. ट्रॅक्टरवाल्याचा दोष नाही हो, पण त्याची नजर पुढच्या वळणावर असते आणि कानात डीजे.

म्हणून माझं मत असं : वाट कमी करा, पण हात सोडू नका. पूर्ण गावाला फेरी झेपत नसेल तर अर्ध्या गावाला घाला. कुठला भाग कापायचा हे ठरवताना मात्र शेवटची वस्ती कापू नका, कारण समित्या नेहमी तीच कापतात. आमच्याही गावात कित्येक वर्षं रथ पारापासूनच परत फिरायचा. पोरं नाहीत म्हणता, पण बाया आहेत ना? कापूस वेचून, पऱ्हाटी उपटून ज्यांचे हात घट्टे पडलेले आहेत, त्यांना दोर जड जाईल असं वाटत असेल तर एकदा देऊन पाहा. शाळेजवळच्या चढावर ट्रॅक्टर मागून टेकू द्यायला उभा ठेवा, तेवढी सोय रामाला चालेल. आणि उतारावर चाकाखाली लाकडी मोगरी, म्हणजे चाक अडवायचा ठोकळा, द्यायला दोन जाणती माणसं नेमा. जळगावच्या रथाला ती माणसं किती मानाची असतात ते कार्तिकी एकादशीला जाऊन बघा. रथ ओढणं सोपं, थांबवणं कठीण.

नायलॉनचा दोर घेऊ नका, तळहात सोलतो. काथ्याचा घ्या.

प्रश्न : गुरुजी, जगन्नाथ भावाबहिणीला घेऊन जातो आणि लक्ष्मीला घरी ठेवतो, हे कसं? माझ्या मुलीनं टीव्हीवर रथयात्रा पाहून विचारलं, मी गप्प बसले. — एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, मुलीचा प्रश्न लक्ष्मीलाही पडला होता. पुरीत रथयात्रेच्या पाचव्या दिवशी, हेरा पंचमीला, लक्ष्मीची पालखी गुंडिचा मंदिरापाशी, जिथं देव रथानं जाऊन मुक्कामाला असतो तिथं, येते आणि ती रागानं नवऱ्याच्या रथाचं एक लाकूड मोडून परत जाते. हे दरवर्षी, विधी म्हणून, सगळ्यांदेखत होतं! देव दशमीला परतीला निघतो, पण देवळात शिरायची वेळ येते तेव्हा लक्ष्मी दार लावून घेते. आतून ती बोलते, बाहेरून तो, दोघांच्या वतीनं सेवक भांडतात. शेवटी रसगुल्ले देऊन समजूत निघते. आपली रुक्मिणीही रुसून दिंडीरवनात गेली आणि विठोबा तिला शोधत पंढरपूरला आला, हे मुलीला सांगा. आणि तिनं विचारलं की रसगुल्ल्यावर एवढ्यात कशी मानली, तर ते मलाही पटलेलं नाही.