आजोबांच्या शेतात नातवंडांनी काम करावे का?

कॅल्गरीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे सासर जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात असून घरची केळी आणि कपाशी आहे. डिसेंबरच्या सुट्टीत बारा वर्षांच्या मुलीने चार दिवस कापूस वेचला आणि नऊ वर्षांचा मुलगा काकांच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून शेतभर फिरला. ती छायाचित्रे पाहून तिकडच्या एका मैत्रिणीने विचारले, ‘ही बालमजुरी नव्हे का?’ दिरांना ही विचारणा फार लागली. घरच्या शेतात घरच्या मुलांनी काय करावे, यात सरकारचा काय संबंध, असे त्यांचे म्हणणे आहे.

ताई, दिरांचा राग मला समजतो, कारण मीही चोपडा तालुक्यातल्या शेतावरच वाढलो आणि निंदणी, वेचणी, गुरांचा चारापाणी यांतून मला जे मिळाले ते कोणत्याही शाळेने दिले नसते. तरीही या प्रश्नात सरकारने पडावे, असेच माझे स्पष्ट मत आहे. मुलाने गोठ्यात किती वेळ काम केले हे सरकारने मोजत बसू नये; पण यंत्र, विष आणि शाळेची वेळ या तीन ठिकाणी रेघ ओढण्याचे काम त्याचेच आहे.

हा वाद काही आपल्याकडचाच नाही. अमेरिकेच्या श्रम खात्याने 2011 मध्ये शेतावरील अल्पवयीनांच्या कामाचे नियम कडक करण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा आजोबांच्या किंवा काकांच्या शेतावर मुलांनी मदत करायचीच नाही का, असा शेतकऱ्यांचा सवाल होता, आणि एप्रिल 2012 मध्ये तो प्रस्ताव मागे घेतला गेला. तुमच्या कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातही 2015 मध्ये शेतमजुरांच्या सुरक्षेच्या कायद्याविरुद्ध शेतकरी रस्त्यावर उतरले आणि घरच्या माणसांना त्यातून वगळावे लागले. इंग्लंडने मात्र 1998 च्या नियमांनी तेरा वर्षांखालील मुलाला ट्रॅक्टरवर बसवण्यासच मनाई केली. शेत कोणाचे आहे हे न पाहता काम कोणते आहे हे पाहणारा हा नियम मला अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण पीटीओचा, म्हणजे ट्रॅक्टरच्या जोरावर जोडलेली यंत्रे चालवणारा, फिरता दांडा आपले मूल आणि परके मूल असा भेद करत नाही.

आपल्याकडे 1986 चा बालकामगार कायदा 2016 मध्ये सुधारला गेला. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही, मात्र शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, धोका नसलेल्या कामात, ते कुटुंबाला मदत करू शकते. 2017 च्या नियमांनुसार ही मदत दिवसाला तीन तासांपेक्षा अधिक नसावी आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत नसावी. ट्रॅक्टर, मळणीयंत्र आणि कडबा कापणे ही कामे धोकादायक कामांच्या यादीत आली आहेत. कुटुंब म्हणजे कोण, हेही कायदा सांगतो: आई, वडील, भाऊ, बहीण, काका, आत्या, मामा, मावशी. त्यात आजी-आजोबांचा उल्लेख नाही. ज्या घरात सातबारा आजोबांच्या नावावर असतो आणि नातवंडांना शेत दाखवण्याची हौसही त्यांनाच सर्वांत अधिक असते, तिथे ही उणीव खटकते आणि ती दुरुस्त व्हायला हवी. वेळेच्या नियमातही एक अडचण आहे. रात्रीच्या विजेवर पाणी भरताना विंचूकाटा, साप आणि मोटरच्या पेटीतला प्रवाह यांपासून मूल दूर राहते, हे त्याचे मोठे मोल आहे. परंतु मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा शेतातली कामे पहाटे उरकली जातात, आणि आठनंतरच मुलाला परवानगी देणारा नियम त्याला नेमका उन्हात ढकलतो. नियम असावा, पण तो उन्हाळ्यात बांधावर उभे राहून लिहिलेला असावा.

नियम मला मुख्यतः कोणासाठी हवा, तेही सांगतो. लहानपणी माझ्या शेजारच्या ओळीत आमच्या सालदाराची मुलगी कापूस वेचायची. बोंडाच्या टोकांनी आम्हा दोघांचीही बोटे सारखीच ओरबाडायची. दिवाळीची सुट्टी संपली की मी शाळेत जायचो आणि ती वेचणी संपेपर्यंत शेतातच राहायची. तीही आईवडिलांना मदतच करत होती. ‘घरच्यांना मदत’ या शब्दांखाली माझे चार दिवस आणि तिचा अख्खा हंगाम एकाच मापाने मोजला गेला. तुमच्या मुलीला सरकारची गरज कदाचित पडणार नाही, कारण तिच्यामागे तुम्ही आहात. त्या मुलीला ती गरज होती.

म्हणून दिरांशी वाद घालण्याऐवजी पुढच्या वेळी निघण्यापूर्वी त्यांना फोन करून ठरवून घ्या. शेंगा तोडणे, भाजीपाला खुडणे, वासराला चारा टाकणे, केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या पाहत फिरणे, हे मुलांनी खुशाल करावे. केळीचा वीस-पंचवीस किलोचा घड त्यांच्या खांद्यावर नको, मडगार्डवरची फेरी अजिबात नको आणि विहिरीच्या काठावर मोठे माणूस सोबत असल्याशिवाय जाणे नको. फवारणी कधी आणि कशाची झाली, हे दिवस धरून विचारा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली, आणि ती सगळी जाणती, रोज शेतात राबणारी माणसे होती.

मुलगी पुन्हा वेचणीला गेली तर पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, दोन-तीन तासांपुरती जाऊ द्या. आणि डिसेंबरात तिला सुट्टी असली तरी इथल्या शाळा चालू असतात. शेजारच्या ओळीत तिच्याच वयाची कोणी मुलगी दिसली, तर ती आज शाळेत का गेली नाही, हे तिने काकांना जरूर विचारावे.